टोस्ट खाणारा दरोडेखोर

रात्र झालीय. पॅरिसमधला एक मुरलेला दरोडेखोर आपल्या जिवलग साथीदाराला घेऊन एका फ्लॅटवर येतो. हा फ्लॅट त्यानं आजवर त्या साथीदारापासूनसुद्धा लपवून ठेवलेला. ओर्ली विमानतळावरून उडवलेलं ५ कोटी फ्रँकचं सोनं अजून पचायचंय, मागावर दुसरी टोळी आहे, आणि बातमी फुटलीय ती या साथीदाराच्याच बढाईमुळे. आता पिस्तुलं बाहेर निघणार, निदान आवाज तरी चढणार. कपाटातून बाहेर निघतो टोस्टचा पुडा. पाठोपाठ पांढऱ्या वाइनची बाटली, दोन ग्लास, सुऱ्या आणि पाते. पाते म्हणजे मांस नि कलेजी बारीक वाटून भाजलेला घट्ट लगदा, फ्रेंच घरात कायम असणारा. दोघं बसतात आणि खायला लागतात.

हे टोस्ट म्हणजे आपल्या बेकरीतल्या टोस्टचेच भाऊबंद, दोनदा भाजलेले, कोरडे ठणठणीत. त्यावर पाते लावणं सोपं नाही. सुरी जरा दाबली की टोस्टचा भुगा. म्हणून पाते मधोमध ठेवायचं आणि सुरी आडवी धरून कडेकडे ओढत न्यायचं. तो दरोडेखोर, माक्स त्याचं नाव, हे असं करतो की हा माणूस रोज रात्री हेच खात असणार याबद्दल शंका राहत नाही. मग साथीदार रितोंला पायजमा मिळतो, टूथब्रश मिळतो. दात घासले जातात. रितों आरशात आपल्या डोळ्यांखालच्या पिशव्या बघतो, कारण मघाशीच माक्सनं त्याला सांगितलेलं असतं की बाबा रे, आपलं वय झालं. मिनिटांमागून मिनिटं जातात आणि दरोड्याच्या चित्रपटात दरोड्याचं काहीही घडत नाही. तरी जागचं हलवत नाही.

चित्रपट १९५४ चा, 'तुशे पा ओ ग्रिझ्बी'. लुटीला हात लावू नका, असं काहीसं नाव. दिग्दर्शक जाक बेकेर आणि माक्सच्या भूमिकेत ज्याँ गाबँ. रोमन अक्षरं बघून आपल्याकडे सर्रास 'गॅबिन' म्हणतात. चालायचंच. पण शेवटचा 'न' नाकातच विरतो, त्याचा ठणका ऐकू येत नाही.

पडद्यावर खाणं ही नटाची परीक्षा असते. प्रत्येक टेकला घास त्याच शब्दावर, तेवढाच तोडावा लागतो, नाहीतर संकलनात अर्धा टोस्ट अचानक अख्खा होतो. टोस्ट कुरकुरीत असेल तर तो फुटल्याचा आवाज नेमका महत्त्वाच्या शब्दावर येऊन बसतो. बरेच नट म्हणून काटा-चमचा नुसता फिरवत राहतात, आणि ते लगेच कळतं. गाबँ खरं खातो. चावतो, गिळतो, मग बोलतो. बोलण्याआधी जो क्षणभराचा थांबा येतो तो 'अभिनयातला पॉज' नसतोच, घास गिळायला लागलेला वेळ असतो. त्याची बहुतेक सगळी किमया या जातीची आहे. आधी हातातलं काम व्हायचं, भाव त्याच्या मागून यायचा.

गंमत म्हणजे हा माणूस आला नाचगाण्यातून. जन्म १७ मे १९०४, पॅरिस. खरं आडनाव मोंकोर्जे. 'गाबँ' हे वडिलांनी रंगमंचासाठी घेतलेलं नाव. आईवडील दोघंही कॅफेत गाणारे, ऑपेरेटात कामं करणारे. पोर वाढलं पॅरिसच्या उत्तरेला मेरिएल या गावात, आणि त्याला व्हायचं होतं रेल्वेचा ड्रायव्हर. आईबापांच्या धंद्याचा त्याला मनापासून कंटाळा. थोडी कारकुनी करून झाली, फाउंड्रीत मजुरी करून झाली, शेवटी विशीच्या आत-बाहेर वडिलांनीच ओळख काढून 'फोली बेर्जेर' या नाचगाण्याच्या थिएटरात चिकटवलं. मध्ये नौदलातली सक्तीची नोकरी. १९२८ मध्ये तो 'मूलँ रूज'मध्ये मिस्तँगेतसोबत होता. मिस्तँगेत म्हणजे त्या काळच्या पॅरिसची सम्राज्ञी. तेव्हा हा गडी गायक मोरिस शेव्हालिएची नक्कल करत गायचा, स्ट्रॉ हॅट तिरकी करून.

त्या सहा-सात वर्षांत हाताशी काय लागलं ते पुढं दिसतं. एक म्हणजे ताल. कुठलं वाक्य किती मात्रांत संपवायचं याचा हिशेब त्याच्या अंगात भिनला होता. दुसरं म्हणजे पाय. गाबँची चाल बघा: खांदे जड, पण पावलं हलकी, नाचणाऱ्याची. १९३० मध्ये बोलपट आला तेव्हा निर्मात्यांना गाता-बोलता येणारी माणसं घाईनं हवी होती, आणि त्या लाटेत संगीतिकावाल्यांबरोबर हाही स्टुडिओत शिरला. पहिली चार-पाच वर्षं फार काही सांगण्यासारखी नाहीत. १९३५ मध्ये ज्युलियँ द्युविव्हिएनं त्याला येशूवरच्या एका चित्रपटात रोमन सुभेदार पाँटियस पायलेट केलं होतं. रोमन झग्यातला गाबँ! भक्तांनीही तो एकदाच बघावा.

त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाच्या 'ला बान्देरा'त फॉरिन लीजनचा, म्हणजे परदेशी शिपायांच्या पलटणीचा, सैनिक झाला आणि गाडी रुळावर आली. पुढची चार वर्षं म्हणजे १९३६ ते १९३९. एवढ्या थोड्या काळात इतकं लागोपाठचं, इतकं पक्कं काम फार थोड्या नटांच्या वाट्याला आलंय. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं, कामगारांना ४० तासांचा आठवडा आणि २ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल अशा माणसाला पडद्यावर नायक होण्यासाठी याहून चांगला मुहूर्त नव्हता. 'ला बेल एकिप'मध्ये पाच बेकार दोस्तांना १,००,००० फ्रँकची लॉटरी लागते आणि ते मार्न नदीकाठी एक खानावळ उभी करतात. या चित्रपटाचे दोन शेवट चित्रित झाले. एक काळाकुट्ट, द्युविव्हिएच्या मनातला. दुसरा गोड, निर्मात्यांच्या आग्रहाचा. कुठली प्रिंट हाती पडते त्यावर तुम्ही कुठला चित्रपट पाहिला ते ठरतं.

आणि मग १९३८ चा 'ला बेत ह्युमेन', ज्याँ रन्वारनं झोलाच्या कादंबरीवरून केलेला. मेरिएलच्या पोराला इंजिन मिळालं ते इथं.

चित्रपट उघडतो तो भट्टीच्या तोंडाशी. ज्वाळा, मग फावडं, मग दोन माणसं. पुढची सुमारे चार मिनिटं एकही संवाद नाही. पॅरिस–ल हाव्र ही सुमारे २२८ किलोमीटरची लाइन आणि वाफेचं 'पॅसिफिक' इंजिन. फ्रेंच लोक इंजिनाची चाकं नाही, आस मोजतात: पुढं दोन, मधे तीन, मागं एक, म्हणून २३१. इंग्रजी पद्धतीनं चाकं मोजली की तेच ४-६-२ होतं. आपल्याकडचं बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं डब्ल्यूपी इंजिन याच चाकांचं, त्यामुळे ज्यांनी ते धडधडताना पाहिलंय त्यांना त्या इंजिनाचा आकार पडद्यावर ओळखीचा वाटेल.

गाबँ आणि फायरमन झालेला कारेत, दोघंही खऱ्या रेल्वेवाल्यांकडून काम शिकले आणि चालत्या गाडीत त्यांनी ते केलं. रन्वारला स्टुडिओत उभं केलेलं खोटं इंजिन आणि मागं पळणारं पडद्यावरचं रान नको होतं. ते का, हे इंजिनावर काय काय चालतं ते बघितलं की समजतं. ड्रायव्हर डावीकडे. एक हात रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरकडे किती वाफ सोडायची ते ठरवणाऱ्या दांड्यावर. दुसरा हात रिव्हर्सरच्या चाकावर, म्हणजे पिस्टनच्या फेरीत वाफ कितपत आत येऊ द्यायची त्यावर. बॉयलर लांबलचक समोर आडवा, त्यामुळे नाकासमोर काही दिसतच नाही. सिग्नल बघायचा तर बाजूनं डोकं बाहेर काढायचं. बाहेर वारा नि कोळशाचे कण, म्हणून गॉगल. आवाज असा की शेजारच्याला ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी आणि नजरेनं. फायरमननं फावड्यानं कोळसा पातळ, सारखा पसरायचा. एका जागी ढीग पडला की तिथली हवा कोंडते, आच मरते, वाफेचा दाब उतरतो. आणि तिकडे चढ समोर आलेला असतो.

त्यातच पाणी घेण्याचा प्रकार आहे. रुळांच्या मधोमध लांब हौद, त्यात पाणी. गाडी न थांबवता टेंडरखालचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याखालचं, वाकडं तोंड त्यात सोडायचं, की वेगामुळे पाणी आपोआप वर चढतं. उशिरा सोडलं तर पाणी कमी मिळतं, उशिरा उचललं तर टाकी उतू जाते आणि हौद संपताना ते तोंड आपटायची भीती. सगळा खेळ काही सेकंदांचा. दोघांना एकमेकांकडे बघून वेळ साधावी लागते.

आता असं काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर 'भाव' कुठले? लक्ष असतं, बस्स. गाबँचा चेहरा त्या चार मिनिटांत फक्त लक्ष देतो. पुढं याच माणसाला खुनाचे झटके येतात, रक्तात उतरलेला दोष म्हणून. पण आपण त्याला आधी इतका सरळ, इतका कामात चोख पाहिलेला असतो की तो खुनी आहे हे कळल्यावरही त्याच्यावर राग धरवत नाही. पाठीवर कोळशाची धूळ साचलेल्या माणसाला रडून-भेकून सहानुभूती मागावी लागत नाही. स्टुडिओत हँडलला नुसता हात लावून हे साधलं नसतं. हलत्या इंजिनावर गुडघे सतत थोडे वाकलेले असतात आणि हादरे अंगातून जातात. त्याची नक्कल कुणाला करता येत नाही.

स्थिर राहण्यालाही तसंच एक कारण होतं, आणि ते कॅमेरामन लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षांतले गाबँचे चित्रपट उजळले ते कुर्ट कूरांत, ऑयगेन शुफ्टान अशा जर्मनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी. त्यांची एक नेहमीची युक्ती: चेहरा जवळपास अंधारात ठेवायचा आणि एका छोट्या दिव्याच्या उजेडाची पट्टी फक्त डोळ्यांवर सोडायची. दिसायला सुंदर, पण नटासाठी कटकट. मान चार बोटं इकडची तिकडे झाली की उजेड कपाळावर चढतो आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. त्यात त्या वेळची फिल्म मंद, दिवे तापलेले, घाम वेगळाच. नाट्यगृहातून आलेले नट इथं मार खायचे, कारण त्यांना हातवारे केल्याशिवाय शब्द फुटत नसत. गाबँ त्या पट्टीत तासन्‌तास उभा राहू शके आणि बोलायचा तेही हळू.

हळू बोलण्याचीही एक पंचाईत होती. आवाज तेव्हा फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या रेघेच्या रूपात नोंदला जायचा. त्यात फार हळू बोललं की खरखरीत बुडतं, फार जोरात ओरडलं की रेघ फाटते. कुजबुजणारा आणि मधेच स्फोट होणारा नट म्हणजे ध्वनिमुद्रकाच्या कपाळाला आठी. आणि गाबँचा तर स्फोट प्रसिद्ध. आंद्रे बाझँ या समीक्षकानं नोंदवलेली वदंता अशी की प्रत्येक चित्रपटात आपल्याला संतापाचा एक कडेलोट हवाच, अशी गाबँची करारापूर्वीची अट असे. खरं असो-नसो, वदंता पटते. रन्वारच्याच 'ला ग्राँद इल्युझियाँ'त जर्मनांनी एकांतकोठडीत डांबलेला लेफ्टनंट मारेशाल आधी गप्प बसतो, मग अंगातलं सगळं ओरडून बाहेर काढतो, आणि मग एक म्हातारा जर्मन पहारेकरी आत येऊन शेजारी बसतो, त्याला माउथ ऑर्गन देतो. संतापानंतरचा तो रिकामा चेहरा बघण्यासारखा आहे. या चित्रपटात गाबँच्या अंगावर जो वैमानिकाचा कोट आहे तो रन्वारचा स्वतःचा, पहिल्या महायुद्धातला. आणि कित्येक निर्मात्यांची दारं ठोठावून झाल्यावर या चित्रपटाला पैसा उभा राहिला त्यात गाबँनं होकार दिल्याचा मोठा वाटा होता.

'के दे ब्र्यूम', म्हणजे धुक्यातला धक्का, हाही १९३८ चा. दिग्दर्शक मार्सेल कार्ने. यात मिशेल मोर्गांच्या डोळ्यांची तारीफ करणारं ते एक वाक्य आहे, जे फ्रान्समध्ये आजही गंमत म्हणून म्हटलं जातं. तुझे डोळे सुंदर आहेत, माहितीय ना, एवढंच. लेखक जाक प्रेव्हेर. वाक्यात कविता शून्य. जादू शेवटच्या 'माहितीय ना' मध्ये आहे, आणि अर्धे स्वर गिळून बोलण्याच्या त्याच्या पॅरिसच्या वस्तीतल्या ढंगात. पुस्तकी फ्रेंचमध्ये हेच म्हटलं तर सलूनमधलं प्रियाराधन झालं असतं. इथं रात्रपाळीवरून आलेला माणूस बोलावा तसं ऐकू येतं. प्रमाण मराठीत वाढलेल्या नाटकात एखादा नट एकदम लालबागच्या चाळीतलं बोलायला लागला तर कान कसे टवकारतील, तसं काहीसं तेव्हा झालं असणार.

आणि 'ल झूर स लॅव्ह', १९३९. दिवस उजाडतो. दिग्दर्शक पुन्हा मार्सेल कार्ने. कारखान्यात वाळूच्या फवाऱ्यानं धातू घासणारा कामगार फ्रांस्वा एका माणसाला गोळी घालतो आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलीस, चौकात गर्दी. रात्रभर तो आठवत राहतो. नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रोनेरनं स्टुडिओत ही इमारत उंचच उंच उभारली. खर्च वाढतो म्हणून निर्माते कुरकुरले तरी एक मजला कमी होऊ दिला नाही. त्याचं बरोबर होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर असती तर खालच्या माणसांचे चेहरे दिसले असते, हाक ऐकू आली असती, कदाचित तो खाली उतरलाही असता. वरून गर्दी म्हणजे नुसती डोकी.

या खोलीत गाबँकडे करायला काय आहे? कपाट ढकलून दाराला लावणं, येरझाऱ्या, आरसा, एक खेळण्यातलं अस्वल आणि सिगारेटी. काड्या संपलेल्या. म्हणजे आता एक सिगारेट विझण्याआधी तिच्यावरच पुढची पेटवायची, नाहीतर खेळ खलास. बघता बघता त्या सिगारेटी त्या खोलीतलं घड्याळ होतात. आपण पटकथेपेक्षा थोटकाकडे बघायला लागतो. खरं घड्याळही आहे, गजराचं, कामावर जायला उठवणारं. ते शेवटी वाजतं, फक्त बंद करायला कुणी उरलेलं नसतं.

बाझँनंच दाखवून दिलं की या काळात गाबँ बहुतेक चित्रपटांत शेवटी मरतो किंवा मेल्यातच जमा होतो. 'पेपे ल मोको'त बंदराच्या गजांपाशी, इथं खोलीत, 'बेत ह्युमेन'मध्ये धावत्या इंजिनावरून उडी टाकून. प्रेक्षकांना तो तसाच हवा होता. १९३९ नंतर हे सगळं भविष्यकथनासारखं वाटायला लागलं. जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर फ्रान्समधल्या व्हिशी सरकारनं 'ल झूर स लॅव्ह'वर बंदी घातली, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकन कंपनीनं स्वतःची नवी आवृत्ती काढताना जुन्याच्या प्रिंट गोळा करून नष्ट करायचा घाट घातला. वाचला तो नशिबानं.

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये काम करायचं नाही म्हणून गाबँ १९४१ मध्ये अमेरिकेत गेला. तिथलं काम दोन चित्रपटांचं: 'मूनटाइड' आणि 'द इम्पोस्टर'. पहिल्यात खऱ्या बंदराऐवजी स्टुडिओतल्या टाकीत समुद्र केला होता, आणि गाबँही त्या टाकीतल्या होडीसारखाच दिसतो. तालाचा माणूस परक्या भाषेत अडला, की वाक्याचं शेपूट कुठं टाकावं ते त्याला कळेनासं होतं. ते इंग्रजी बोलतानाचे डोळे बघा, पुढचा शब्द शोधणारे.

त्यानं तिथून काढता पाय घेतला तो मुक्त फ्रेंच सैन्यात. भूमध्य समुद्रातून अल्जिअर्सकडे जाणाऱ्या ताफ्यात तेलवाहू जहाजावर होता, ताफ्यावर हल्ला झाला, तो वाचला. पुढं जनरल लक्लेर्कच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये, नौसैनिकांच्या रेजिमेंटमध्ये, रणगाड्याचा प्रमुख. वय चाळिशीच्या वर. त्या कामावरच्या पोरांत हा म्हातारा. रणगाड्याचं नाव 'सुफ्लर २'. फ्रेंचमध्ये नाटकाच्या प्रॉम्प्टरलाही सुफ्लरच म्हणतात, हा योग कुणी मुद्दाम जुळवला नसावा. रुआयाँच्या लढाईतून तो थेट जर्मनीपर्यंत गेला. क्रुआ द गेर आणि मेदाय मिलितेर ही दोन पदकं मिळाली. परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते.

आणि काम नव्हतं, किंवा जे होतं ते जमत नव्हतं. जर्मन अभिनेत्री मार्लेन डीट्रिशबरोबर कार्नेचा एक चित्रपट ठरला होता. दोघंही त्यातून बाहेर पडले, भूमिका गेली नवख्या ईव्ह मोंताँकडे, आणि त्या चित्रपटाच्या सुरावटीतून पुढं जगभर गायलं गेलेलं वाळलेल्या पानांचं गाणं झालं. गाबँ-डीट्रिश जोडीनं त्याऐवजी जो चित्रपट केला तो पडला. १९५१ मध्ये व्हेनिसला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तोही आंधळ्या झालेल्या रेल्वे ड्रायव्हरच्या भूमिकेसाठी. तरी तिकीटबारीवर नाव चालेना. अडचण साधी होती. लोकांच्या मनातला गाबँ तरुणपणी मरणारा. हा जिवंत राहिलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या केसांचा माणूस कोण?

त्याचं उत्तर बेकेरनं टोस्टवर लावून दिलं. माक्सला रात्री बाराला झोप येते. नाइटक्लबमधून लवकर सटकायला तो कारणं शोधतो. शेवटी साथीदाराच्या काळजीनं फोन लावायची वेळ येते तेव्हा आकडे दिसावेत म्हणून आधी खिशातून चष्मा काढतो. वय झाकायच्या भानगडीत न पडता बेकेरनं त्याच्यावरच कथा उभी केली, आणि गाबँला पुढची वीस वर्षं मिळाली.

पुढच्याच वर्षी रन्वार परत आला. युद्धकाळात तोही अमेरिकेत होता, मधे बंगालमध्ये हुगळीकाठी 'द रिव्हर' करून गेला, तेव्हा कलकत्त्यात त्याच्या मागं मागं फिरणारा एक तरुण म्हणजे सत्यजित राय. १९५५ च्या 'फ्रेंच कँकाँ'त रन्वारनं गाबँला मूलँ रूजचा मालक केलं. तिथं स्ट्रॉ हॅट घालून गाणारा पोरगा सत्तावीस वर्षांनी त्याच जागेचा चालक म्हणून, नाच सुरू असताना विंगेत खुर्चीवर बसून पायानं ठेका धरतो. मोठा चित्रपट नसेल, पण तो पाय विसरता येत नाही.

'ला त्राव्हेर्से द पारी', १९५६, मात्र मोठाच. जर्मन ताब्यातलं पॅरिस, काळ्याबाजाराचं डुकराचं मटण चार सूटकेसमध्ये भरून रात्रीच्या अंधारात शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायचं. हमाल दोन: भित्रा बूर्व्हिल आणि गाबँ. तळघरातला दुकानदार लुई द फ्युनेस. गाबँ हमालीचा दर वाढवून मागतो, कसा, तर दुकानदाराचं नाव-पत्ता मोठ्यानं ओरडून. प्रत्येक आरोळीला आवाज वाढतो, रक्कम वाढते, आणि समोरच्याचं तोंड पांढरं पडत जातं. वर रस्त्यावर पोलीस. एरवी हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज अशा ठिकाणी किती किमतीला जातो ते इथं कळतं.

त्यानंतरचा गाबँ म्हणजे मिशेल ओदियारच्या संवादांचा गाबँ. १९५५ मध्ये ट्रक ड्रायव्हरच्या एका चित्रपटापासून ही जोडी जमली. ओदियार वाक्यं गाबँच्या श्वासाच्या मापानं शिवायचा: लांबलचक चढण, मधे एक अल्पविराम, शेवटी टोला. फ्रेंच प्रेक्षक खूष. माझं मत विचाराल तर यातले निम्मे चित्रपट शिलाईचे कपडे घातलेल्या पुतळ्यासारखे आहेत. बँकर, मंत्री, टोळीप्रमुख, मेग्रे इन्स्पेक्टर तीनदा. सगळीकडे तोच दरारा. 'नव्या लाटे'चे तरुण फ्रेंच दिग्दर्शक या सगळ्याला बापाचा सिनेमा म्हणून नाकं मुरडत होते, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. हातातलं काम गेलं होतं, नुसती वाक्यं उरली होती.

अपवाद आहेत. १९६३ चा 'मेलोदी आँ सू-सोल', आलँ दलोंसोबत. कान शहरातल्या कॅसिनोवर दरोडा पडलाय, पैशाच्या दोन पिशव्या दलोंकडे, आणि तो बसलाय हॉटेलच्या स्विमिंग पुलाकाठी. आजूबाजूला पोलीस, पिशव्यांचं वर्णन चाललेलं. तो घाबरून पिशव्या पाण्यात सोडतो. समोरच्या काठावर खुर्चीत गाबँ, काळा चष्मा, हातात वर्तमानपत्र. पिशवी उघडते. एक नोट वर येते, मग पाच, मग पाण्याचा सगळा पृष्ठभाग नोटांनी झाकून जातो. गाबँ उठत नाही, ओरडत नाही, चष्माही काढत नाही. त्याला हलायची सोयच नाही, हलला की पकडला. तीन दशकं डोळ्यांवरच्या उजेडासाठी स्थिर राहिलेला माणूस इथं डोळे झाकूनही पुरतो.

कामगारांचा हा नायक खऱ्या आयुष्यात जमीनदार होता, हेही सांगायला हवं. १९५० च्या दशकात त्यानं नॉर्मंडीत ऑर्न भागात जमीन घेतली, गायी पाळल्या, शर्यतीचे घोडे पाळले, मूलँ-ला-मार्श इथं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान उभं केलं. अभिनयातून मिळालेला पैसा चाऱ्यात जात होता. १९६२ च्या जुलैत एका रात्री आसपासचे सुमारे ७०० शेतकरी त्याच्या घरावर चालून आले. मागणी अशी की नटानं शेतं अडवून बसू नये, तरुण शेतकऱ्यांना कसायला द्यावीत. कायद्यानं तो बरोबर होता, पण बोच लागली ती वेगळी. स्वतःला शेतकरी समजणाऱ्या माणसाला खऱ्या शेतकऱ्यांनी तू आमच्यातला नाहीस म्हणून सांगितलं होतं. पडद्यावरचा त्याचा शेतकरी, ड्रायव्हर, कामगार इतका खरा वाटायचा, त्याचीच ही उलटी बाजू.

शेवटच्या वर्षांत 'ल शा', १९७१. सिमोन सिन्योरेबरोबर, एकमेकांशी बोलणं टाकलेलं म्हातारं जोडपं, भोवती पाडापाडी चाललेल्या कुर्बव्हुआतल्या घरात. संवाद जवळपास संपले आणि हात परत आले. दोघांनाही बर्लिनला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. १९७४ मध्ये त्याची एक रेकॉर्ड निघाली आणि खूप चालली. गाण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाचं हे सगळ्यात गाजलेलं गाणं, आणि त्यात तो गात नाही, नुसता बोलतो.

आता ज्यांनी एकही पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. सुमारे ९५ चित्रपट आहेत, सगळे बघायची गरज नाही. 'ग्रिझ्बी'नं सुरुवात करा, मग 'बेत ह्युमेन', मग 'ल झूर स लॅव्ह'. शेवटच्याची २०१४ मध्ये दुरुस्त झालेली प्रत शोधा, सेन्सॉरनं कापलेले तुकडे तिच्यात परत लावलेत. 'बेल एकिप' घेताना शेवट कुठला आहे ते आधी विचारून घ्या. सबटायटलवर फार विसंबू नका. पॅरिसच्या टोळ्यांची बोली इंग्रजीत उतरताना सपाट होते, आणि ओदियारची लांब वाक्यं दोन ओळींत कोंबताना टोलाच गळतो. 'ग्रिझ्बी'तला तो फ्लॅटचा प्रसंग एकदा आवाज बंद करूनही बघा. मात्र दुसऱ्यांदा. पहिल्यांदा टोस्टचा आवाज ऐकायला हवा.

१५ नोव्हेंबर १९७६ रोजी तो गेला, पॅरिसला लागून असलेल्या नयी इथं. राख नौदलाच्या जहाजावरून ब्रेस्टच्या समुद्रात सोडली. त्याच ब्रेस्टला १९३९ मध्ये 'रमोर्क'चं चित्रीकरण चालू असताना युद्ध सुरू झालं होतं आणि ते अर्धवट टाकून गाबँला नौदलात हजर व्हावं लागलं होतं. त्या चित्रपटात तो बुडत्या जहाजांना दोर लावून ओढून आणणाऱ्या टगबोटीचा कप्तान आहे.